नियमामागचा अर्ज शोधा: प्राचीन यहुदी कायदा माणसांच्या बाजूने कसा वाचावा

प्राचीन यहुदी समाज त्याच्या कायद्यांतून समजून घ्यायचा असेल तर पहिल्या पानापासून वाचायला घेऊ नका. मी दोनदा तसं घेतलं आणि दोन्ही वेळा बायबलातल्या लेवीय या पुस्तकातल्या होमबलींच्या तपशिलापाशी पोचून पुस्तक मिटलं. तिसऱ्या वेळी त्याच्या आधीच्या निर्गम या पुस्तकाचे 21, 22 आणि 23 एवढे तीनच अध्याय उघडले. तिथे उसनं घेणारा होता, मारका बैल बाळगणारा होता, दुसऱ्याच्या शेतात जनावर सोडणारा होता, शेजाऱ्याची ठेव हरवून बसलेला होता. ही सगळी माणसं मला ओळखीची वाटली.

मी 26 वर्षं दिवाणी कोर्टाच्या आवारात बसून लोकांचे अर्ज लिहिले. ज्याला लिहिता येत नाही तो बोलतो, मी ऐकते आणि साहेबांपुढे टिकेल अशा भाषेत ते कागदावर उतरवते. या कामात एक खोड लागते. कायद्याचं कुठलंही कलम वाचलं की आधी मनात येतं, हे कुणाच्या तक्रारीवरून आलं असेल? जे कुणी करतच नाही त्याला मनाई करायची वेळ सहसा येत नाही. यहुदी धर्मशास्त्र वाचायची माझी रीत एवढीच आहे. प्रत्येक नियमामागचा अर्ज शोधायचा: तो कुणी केला असेल, कुणाविरुद्ध, कुणापुढे, आणि निकाल लोकांनी पाळला का.

श्रद्धेने वाचणाऱ्याला यात अडचण वाटू नये. हे नियम देवाने दिले असं तो समाज मानत होता, आणि समाज म्हणून त्यांच्याकडे बघताना हीच गोष्ट सर्वांत आधी वहीत लिहायची आहे. बाबिलोनमध्ये कायदा राजाच्या नावाने कोरला जाई. तोरात, म्हणजे मोशेच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या यहुदी धर्मशास्त्राच्या पुस्तकांत, एकही नियम कुठल्या राजाच्या नावावर नाही. त्यामुळे राजे गेले, राज्य गेलं, तरी कायदा मागे उरला आणि समाज त्याला धरून राहिला.

जवळ काय ठेवावं

सामान फार लागत नाही. मराठी पवित्र शास्त्राची प्रत, कोरी वही, दोन रंगांच्या पेन्सिली. कायदा मुख्यतः निर्गम, लेवीय, गणना आणि अनुवाद या चार पुस्तकांत आहे. 'अनुवाद' या नावाने गोंधळू नका. भाषांतराशी त्याचा संबंध नाही, इथे अर्थ आहे पुन्हा सांगणं. मोशे जुने नियम नव्या पिढीला पुन्हा सांगतो आणि सांगता सांगता ते बदलतात. 'तोरा' या हिब्रू शब्दाचा अर्थही मुळात शिकवण असा आहे. निर्गम 21 च्या पहिल्या ओळीत मात्र 'मिश्पातीम' हा शब्द येतो, म्हणजे निवाडे. निवाडा म्हटला की भांडण आलंच.

पहिल्या दिवशी एवढंच करा. 'जर कुणी असं केलं तर' या धाटणीचे नियम एका रंगाने अधोरेखित करा आणि 'तू असं करू नकोस' या धाटणीचे दुसऱ्या रंगाने.

पहिल्या रंगाचे नियम आसपासच्या मुलखातही सापडतात. एकाच्या बैलाने दुसऱ्याचा बैल मारला तर जिवंत बैलाचे पैसे आणि मेलेला बैल दोघांनी वाटून घ्यावा, हा निर्गम 21:35 चा (अध्याय 21, ओळ 35) निवाडा एश्नुन्ना या मेसोपोटेमियातल्या प्राचीन शहराच्या कायद्यांत जवळजवळ तसाच आहे. त्या कायद्यांच्या मातीच्या पाट्या 1945 आणि 1947 साली बगदादजवळ मिळाल्या, आणि ते बाबिलोनचा राजा हम्मुराबी याच्याही आधीचे आहेत. हम्मुराबीच्या शिळेवर माणूस मारणाऱ्या बैलाचं कलम आहे: मालकाला आधी ताकीद मिळालेली असेल तर त्याने अर्धा मीना (वजनाचं माप) चांदी भरावी. निर्गमात त्याच गुन्ह्याला बैल दगडांनी मारायचा, त्याचं मांस खायचं नाही, आणि ताकीद मिळूनही तो मोकळा सोडला असेल तर मालकही मरणाला पात्र. खंडणी भरून सुटायची वाट तेवढी ठेवलेली. साम्य सापडलं की खुश होऊन थांबू नका, फरकावर बोट ठेवा. इथे माणसाच्या रक्ताचा दोष जनावरालाही लागतो. मेलेला माणूस गुलाम असेल तर मात्र हिशोब दोन्हीकडे चांदीत होतो, तिकडे 20 शेकेल (हेही वजनाचं माप), इकडे 30. आणि ते पैसे गुलामाच्या बायकापोरांना मिळत नाहीत, धन्याला मिळतात. पेन्सिल अशा ठिकाणी थोडी जोरात दाबली जाते.

दुसऱ्या रंगाचे नियम वाचताना बघा, त्यांच्यामागून वारंवार कारण येतं: 'कारण तुम्हीही मिसर देशात (इजिप्तमध्ये) उपरे होता.' जिथे शिपाई पाठवता येतो तिथे कारण द्यावं लागत नाही. गावोगाव अंमलबजावणी करणारं कुणी नव्हतं म्हणून त्या कायद्याला समजूत घालावी लागते, आठवण द्यावी लागते, कधी विनवावंही लागतं.

एक अंगरखा

आता एकच नियम घेऊन दोन दिवस बसा. मी निर्गम 22:26-27 घेऊन बसायला सांगेन. शेजाऱ्याचं पांघरूण गहाण घेतलंस तर सूर्य मावळायच्या आत त्याला परत दे; अंगावर घ्यायला त्याच्याजवळ तेवढंच आहे, तो काय पांघरून निजेल?

हा नियम कुणाशी बोलतो आहे? सावकाराशी. ऋणको फक्त 'तुझा शेजारी' म्हणून येतो. तो किती गरीब? अंगावरच्या वस्त्राखेरीज तारण द्यायला त्याच्याकडे काही उरलेलं नाही, म्हणजे जमीन, जनावर, भांडी हे सगळं आधीच गेलेलं असणार. मग रोज संध्याकाळी परत करायचं तारण घेऊन सावकाराला मिळतं काय? माझा अंदाज असा की वस्त्राची किंमत दुय्यम होती. ज्याचा अंगरखा दिवसभर दुसऱ्याच्या घरी आहे त्याला तेच तारण दाखवून आणखी कुणाकडे उसनं मागता येत नाही, आणि तो कुणाचा देणेकरी आहे हे सगळ्या गावाला दिसतं.

यानंतर तोच विषय आणखी कुठे येतो ते शोधा. अनुवाद 24:10-13 सांगतं की तारण घ्यायला शेजाऱ्याच्या घरात शिरू नकोस, बाहेर उभा राहा, त्याला ते आणून देऊ दे. माझ्या मते सगळ्या पुस्तकातल्या सर्वांत हळुवार नियमांपैकी हा एक. कर्जदाराच्या उंबऱ्याची अब्रू राखायची आहे. चार ओळींनंतर, विधवेचं वस्त्र गहाण घेऊच नकोस. आणि आमोस 2:8 मध्ये, इ.स.पू. आठव्या शतकात, संदेष्टा संतापून सांगतो की लोक गहाण घेतलेल्या वस्त्रांवर वेदीपाशी आडवे होतात. तीन जागी तोच विषय, याचा अर्थ नियम होता आणि तो मोडला जात होता.

इथपर्यंत पुस्तक. आता खापर.

1960 साली यावने-याम या जुन्या बंदराच्या दक्षिणेला, भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यावर एका लहान किल्ल्याच्या उत्खननात शाईने लिहिलेलं एक फुटकं खापर मिळालं. काळ इ.स.पू. सातव्या शतकाची अखेर, भाषा हिब्रू, साधारण 14 ओळी. तो अर्ज आहे. मी त्याचं भाषांतर पहिल्यांदा वाचलं तेव्हा मायन्यालाच ओळखलं: माझ्या धन्याने, अधिकाऱ्याने, आपल्या दासाचं म्हणणं ऐकावं. मग हकिगत. आपला दास कापणी करतो. कापणी केली, पुरी केली, धान्य कोठारात भरलं. मग शोबायचा मुलगा हशव्याहू आला आणि त्याने आपल्या दासाचा अंगरखा नेला. माझे सगळे भाऊ, जे माझ्याबरोबर उन्हाच्या काहिलीत कापणी करत होते, ते साक्ष देतील. मी निर्दोष आहे. माझा अंगरखा परत मिळावा. शेवटच्या ओळी तुटलेल्या आहेत, पण त्यांत दया मागितलेली आहे.

या एका खापरावर बरंच शिकता येतं. अर्जदाराचं नाव कुठेच नाही, ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याचं मात्र बापाच्या नावासकट आहे. कर्जाचा उल्लेख नाही. तो पुन्हा पुन्हा काम पुरं केल्याचं सांगतो, त्यावरून नेमून दिलेल्या कामात तूट दाखवून अंगरखा नेला असावा असं वाटतं. साक्षीदार आहेत ते बरोबर राबणारे 'भाऊ', आणि भाऊ म्हणजे सख्खेच असं नाही. सर्वांत मोठी गोष्ट, तो कुठल्याही नियमाचा हवाला देत नाही. निर्गम म्हणत नाही, मोशे म्हणत नाही, देवाचं नावही घेत नाही. वाचणारा अधिकारी काय बरोबर आणि काय चूक ते जाणतो, असं धरून चालतो. लिखित कायदा तेव्हा त्याच्यापर्यंत पोचला होता की नव्हता, हे खापर सांगत नाही. पण गरिबाचा अंगरखा ठेवून घेऊ नये ही रीत दोघांनाही ठाऊक असावी, नाहीतर असा अर्ज लिहिण्यात अर्थ नव्हता. कायद्याच्या पुस्तकाखाली रिवाजाचा असा एक थर असतो. तो दिसू लागला की तुमचं वाचन रुळलं म्हणायचं.

अर्जावरून झालेला कायदा

गणना 27 उघडा. इथे अर्ज शोधावा लागत नाही, तो समोरच आहे. सलाफहादच्या पाच मुली, महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा, निवासमंडपाच्या दारात मोशे, याजक, सरदार आणि सगळ्या मंडळीपुढे उभ्या राहतात. बाप वारला, त्याला मुलगा नव्हता, म्हणून त्याचं नाव कुळातून का पुसलं जावं? आम्हांला वतन द्या. मोशे प्रकरण देवापुढे नेतो आणि निकाल येतो: मुलींचं म्हणणं बरोबर आहे. त्यावरून सर्वांसाठी नियम ठरतो की मुलगा नसेल तर वारसा मुलीला.

अर्जाची मांडणी बघा. त्या स्वतःचा हक्क मागत नाहीत, बापाचं नाव राखायचं म्हणतात. समोरच्याला नाकारता येणार नाही असं कारण निवडून मागणी त्याच्या पोटात घालायची, हे चांगला अर्ज लिहिणारा शिकतोच. मग पुढे गणना 36 वाचा, कारण तिथे हरकत दाखल होते. कुळाचे प्रमुख येऊन म्हणतात, या मुली दुसऱ्या वंशात लग्न करून गेल्या तर आमची जमीन त्यांच्याबरोबर जाईल. हीही बाब योग्य ठरते आणि मुलींना बापाच्याच वंशात लग्न करायला सांगितलं जातं. पाचही जणी चुलत्यांच्या मुलांशी लग्न करतात. वहीत दोन रकाने करा: 27 मध्ये कुणाला काय मिळालं, 36 मध्ये त्यातलं किती उरलं. ही गोष्ट घडली की रचली, यावर वाद घालत बसू नका. ज्या समाजाने ती कायदा म्हणून जपली त्याच्यात बाईचा हक्क आणि कुळाची जमीन यांची ओढाताण होती, एवढं तिच्यावरून दिसतं.

तीन मजकूर शेजारी ठेवा

ही पायरी सर्वांत कष्टाची आणि सर्वांत जास्त देणारी. कर्जापायी गुलाम झालेल्या माणसाबद्दल निर्गम 21:2-11, अनुवाद 15:12-18 आणि लेवीय 25:39-46 हे तीन मजकूर एकाच पानावर शेजारी शेजारी उतरवून घ्या. हाताने लिहा, वाचताना निसटलेलं लिहिताना दिसतं.

निर्गमात इब्री (म्हणजे हिब्रू, आपल्याच समाजातला) दास सहा वर्षं राबून सातव्या वर्षी मोकळा होतो, पण धन्याने करून दिलेली बायको आणि तिची मुलं धन्याकडेच राहतात. विकलेली मुलगी दासांसारखी सुटून जात नाही. अनुवादात बाईही सातव्या वर्षी सुटते, आणि सोडताना रिकाम्या हाताने पाठवू नकोस, कळपातलं, खळ्यातलं, द्राक्षकुंडातलं दे, असं वर सांगितलेलं. मुद्दा अगदी व्यवहारी आहे. मोकळा झालेला पण हातात काही नसलेला माणूस पुढच्या हंगामात पुन्हा कुणाच्या तरी दारात विकला जाणार. लेवीयात भाऊबंदाला दास म्हणायचंच नाही, मजूर म्हणून ठेवायचं, पण सुटका दर पन्नासाव्या वर्षी येणाऱ्या सुटकेच्या वर्षी. आणि त्याच उताऱ्यात पुढे येतं की आसपासच्या राष्ट्रांतले दास मात्र विकत घ्यावेत आणि ते मुलाबाळांना वतन म्हणून ठेवता येतील. ज्या ओळींत भावाला उचललं आहे, त्याच ओळींत परक्याला खाली ढकललं आहे. दोन्ही लिहून ठेवा, एक गाळून दुसरं सांगू नका.

मग यिर्मया या संदेष्ट्याच्या पुस्तकाचा अध्याय 34. बाबिलोनच्या फौजा यरुशलेमला वेढा घालून बसल्या आहेत. राजा सिद्कीया लोकांकडून करार करवून घेतो की इब्री दासदासींना मोकळं करायचं. मोकळं केलंही जातं. वेढा सैल होताच तेच लोक त्याच माणसांना पुन्हा धरून आणतात. यिर्मया कडाडतो. सातव्या वर्षीची सुटका एरवी कुणी पाळत असतं तर वेढ्यात असा खास करार कशाला लागला असता?

वर्तुळं काढा

यानंतरचं काम चित्राचं. मधे एक वर्तुळ, त्यात 'भाऊ'. त्याबाहेर दुसरं, त्यात 'गेर', म्हणजे येऊन राहिलेला उपरा, ज्याला स्वतःची जमीन नाही. त्याबाहेर 'नोख्री', मुलखाबाहेरचा परका. प्रत्येक नियम कुठल्या वर्तुळापर्यंत पोचतो ते लिहा. अनुवाद 14:21 या एका ओळीत तिन्ही आहेत: आपोआप मेलेलं जनावर तुम्ही खाऊ नका, तुमच्या वेशीतल्या उपऱ्याला द्या किंवा परक्याला विका. उपऱ्याला फुकट, परक्याला पैसे घेऊन. पण लेवीय 17:15 म्हणतं की असं मांस खाल्लं तर देशात जन्मलेला असो की उपरा, दोघांनीही कपडे धुवावेत, स्नान करावं, संध्याकाळपर्यंत अशुद्ध राहावं. एकाच्या मते उपरा दानाच्या कक्षेत आहे, दुसऱ्याच्या मते शुद्धतेच्याही. या दोन मजकुरांमागे समाजाची हद्द कुठे आखायची याबद्दलची दोन वेगळी मतं आहेत.

'भाऊ' हा शब्द या कायद्यात भावनेपेक्षा पैशाच्या व्यवहाराचा आहे. अनुवाद 23:19-20 प्रमाणे भावाकडून व्याज घ्यायचं नाही, परक्याकडून घेता येतं. नहेम्या 5 मध्ये, इ.स.पू. 445 च्या सुमारास, यरुशलेममधली माणसं आणि त्यांच्या बायका आक्रोश करत येतात: राजाचा कर भरायला शेतं आणि द्राक्षमळे गहाण टाकले, मुली दासी झाल्या, आणि आमचं शरीर आमच्या भावांच्या शरीरासारखंच आहे की! पर्शियन राजाने नेमलेला सुभेदार नहेम्या मोठी सभा भरवतो, आपणही कर्जाऊ दिल्याचं कबूल करतो, आणि शेतं, मळे, घरं परत करायची शपथ घ्यायला लावतो. मग अंगावरच्या वस्त्राचा ओचा झटकून सांगतो, शब्द मोडणाऱ्याला देव असाच झटकून टाको. तिथे काम केलं ते भरसभेतल्या लाजेने. शिपायाचा उल्लेख नाही.

हीच लाज वेशीतही काम करी. इस्राएलच्या उत्तरेकडच्या तेल दानच्या उत्खननात वेशीपाशी दगडी बाक सापडला आहे. वेशीत वडीलधारे बसत आणि गावाचे निवाडे तिथे होत. रूथच्या पुस्तकाच्या अध्याय 4 मध्ये बवाज नावाचा शेतमालक दहा वडिलांना बसवून घेतो आणि पायतण काढून देऊन व्यवहार पक्का होतो. अनुवाद 21:18-21 मधला उद्दाम मुलाचा नियम भयंकर आहे, पण वाचताना एवढं बघा की बापाला एकट्याला काही करता येत नाही. आई आणि बाप दोघांनी मुलाला वेशीत वडिलांपुढे आणायचं आहे. घरातली सत्ता गावाच्या नजरेखाली आणली आहे.

कायदा जिथे पोचला नाही तिथे जा

फक्त शास्त्रच वाचलं तर सगळे यहुदी त्याबरहुकूम जगत होते असं वाटायला लागतं. म्हणून नाईल नदीतल्या एलिफंटाइन बेटाचे पपायरस (लव्हाळ्याच्या कागदावरचे दस्तऐवज) वाचायलाच हवेत. इ.स.पू. पाचव्या शतकात तिथे पर्शियन साम्राज्याच्या चाकरीत यहुदी शिपायांची वस्ती होती, घरदार आणि मालमत्ता असलेली. त्यांचं स्वतःचं याहूचं, म्हणजे यहुद्यांच्या देवाचं, मंदिर होतं. अनुवाद 12 सांगतं की यज्ञ एकाच निवडलेल्या जागी करायचे, आणि हे लोक बेटावर यज्ञ करत होते, कसलाही संकोच न करता.

इ.स.पू. 410 मध्ये ख्नूम या इजिप्शियन देवाच्या पुजाऱ्यांनी तिथल्या अधिकाऱ्याला हाताशी धरून ते मंदिर पाडलं. 407 मध्ये वस्तीने यहूदाचा सुभेदार बागोही याला अर्ज लिहिला. यरुशलेमच्या मुख्य याजकाला आधी लिहिलं होतं, त्याने उत्तर दिलं नाही, हेही त्यात नमूद आहे. आम्ही तरट नेसून उपास करतो आहोत, तेल लावत नाही, द्राक्षारस पीत नाही. आणि उत्तर म्हणून आलेल्या टिपणात मंदिर बांधायला, अन्नार्पण आणि धूप जाळायला परवानगी आहे. पशुबलीचा शब्द नाही. अर्जात मागितलेलं काय आणि निकालात गाळलेलं काय, हे बाजूबाजूला ठेवून बघण्यात माझं आयुष्य गेलं. तो गाळलेला शब्द मला सबंध टिपणाहून मोठा वाटतो. तो का गाळला, यावर तुम्ही स्वतः एक पान लिहा.

त्याच बेटावरचा मिबताह्या नावाच्या स्त्रीचा लग्नाचा करार आहे, एशोर या इजिप्शियन बांधकाम करणाऱ्याबरोबरचा. तिने सभेत उभं राहून 'मला माझा नवरा नकोसा झाला' असं म्हटलं तर साडेसात शेकेल चांदी तोलून द्यायची आणि आपलं सगळं घेऊन हवं तिकडे जायचं. अनुवाद 24 मध्ये घटस्फोटाचा कागद नवराच लिहितो.

लोकांनी नियम कसा वाकवला

दर सातव्या वर्षी कर्ज माफ करावं, असं अनुवाद 15 सांगतं, आणि सातवं वर्ष जवळ आलं म्हणून गरिबाला नाही म्हणू नकोस, अशी ताकीदही देतं. ताकीद पुरली नाही. मिश्ना, म्हणजे यहुदी पंडितांनी जपलेल्या नियमांचा संग्रह, सांगते की लोक कर्ज देईनासे झालेले बघून हिल्लेल या पंडिताने 'प्रोझबुल' काढला: आपली येणी न्यायाधीशांच्या स्वाधीन केल्याचा कागद करायचा, म्हणजे ती बुडत नाहीत. शब्दसुद्धा ग्रीकवरून आलेला. मृत समुद्राजवळच्या मुराब्बात इथल्या गुहेत रोमन सम्राट नीरोच्या दुसऱ्या वर्षातला कर्जरोखा सापडला आहे, त्यात ऋणको लिहून देतो की सातवं वर्ष असलं तरी मी फेडीन. गरिबाला सोडवायला केलेल्या नियमाने गरिबाचंच उसनं बंद झालं, तेव्हा वाट काढावी लागली. याला पळवाट म्हणण्याची घाई करू नका. आधी विचारा, ती वाट कुणाच्या गरजेने निघाली.

एका शब्दाबद्दल

या विषयावर वाचायला लागलात की जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर भेटेलच. त्याने 1917 ते 1919 या काळात प्राचीन यहुदी धर्मावर निबंध लिहिले. 1920 मध्ये तो वारला आणि पुढच्या वर्षी त्यांचं पुस्तक झालं. शपथेने बांधलेला समाज, आतल्यांसाठी एक नीती आणि बाहेरच्यांसाठी दुसरी, या त्याच्या सूत्रांचा मला खूप उपयोग झाला. पण त्याने यहुद्यांना 'पारिया' लोक म्हटलं, हिंदुस्थानातल्या जातिव्यवस्थेवरून हा शब्द उचलून. तो तुमच्या वहीत घेऊ नका. ज्यांच्यावर तो लादला गेला त्यांनी काय सोसलं हे मराठी वाचकाला समजवायला नको, आणि शिवाय पुरावा त्याच्या बाजूने नाही. एलिफंटाइनचे यहुदी शस्त्रधारी होते, इजिप्शियनांशी लग्नं करत होते. बाबिलोनियात हद्दपार झालेल्यांच्या मातीच्या पाट्यांत ते शेती करताना, कर भरताना, करार करताना दिसतात.

सरावासाठी एक प्रकरण

शेवटी एक प्रकरण देते, त्यावर वरच्या सगळ्या पायऱ्या स्वतः करून बघा. 1961 साली मृत समुद्राजवळच्या नाहाल हेवेरमधल्या गुहेत बाबथा नावाच्या यहुदी विधवेचं कागदांचं गाठोडं मिळालं, 35 कागद, काळ इ.स. 94 ते 132. तिच्या पोरक्या मुलाला पेत्रा शहराच्या नगरसभेने दोन पालक नेमले होते, एक यहुदी आणि एक नबाती (पेत्राच्या परिसरातल्या लोकांपैकी). ते मुलाच्या पोटापाण्याला महिन्याला 2 देनारी (रोमन चांदीची नाणी) देत. इ.स. 125 मध्ये बाबथा रोमन सुभेदाराकडे दाद मागायला निघते: हे पुरत नाहीत, मुलाचे पैसे माझ्या हाती द्या, मी माझी मालमत्ता तारण ठेवते आणि पालक देतात त्याच्या तिप्पट व्याज देते. कागद ग्रीक भाषेत आहे. तिच्या वतीने दुसऱ्याने लिहिलं आहे, कारण तिला अक्षरं येत नव्हती.

आधी वर्तुळं काढा आणि त्यात पेत्रा, रोम, नबाती पालक कुठे बसतात ते बघा. मग तोरातले विधवा आणि पोरक्यांबद्दलचे नियम काढा आणि तिने त्यांतल्या एकाचाही हवाला का दिला नसेल ते लिहा. मग गाठोड्यातला शेवटच्या तारखेचा कागद वाचा, इ.स. 132 चा. मुलाच्या अन्नवस्त्रासाठी पालकाकडून पैसे मिळाल्याची तिची पावती आहे. तीन महिन्यांचे 6 देनारी.